आकाशपाळण्यात आणि राइडमध्ये मळमळ होत असेल तर

मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, चैत्रात धुळ्याला एकवीरादेवीची, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची. यांपैकी कोणत्याही यात्रेत पाळण्यांच्या रांगेजवळ थोडा वेळ उभे राहिले, की खाली उतरताच खांबाला धरून वाकलेले एखादे तरी पोर दिसते. आता शाळांच्या आणि कुटुंबांच्या सहली खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या थीम पार्कलाही जाऊ लागल्या आहेत. तिथे तिकिटाचे पैसे मोठे असतात, दिवस एकच मिळतो आणि ज्याला गाडी लागते त्याचा तो दिवस बाकावर बसून जातो. हे बऱ्याच प्रमाणात टाळता येते. मात्र टाळण्याचे बहुतेक उपाय राइडमध्ये बसण्यापूर्वी, काही तर आदल्या रात्रीच करायचे असतात. मळमळ सुरू झाल्यावर हाती फारसे काही उरत नाही.

मळमळ का होते

कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या इंद्रियाला लागूनच, शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी साधारण काटकोनात असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके कोणत्या दिशेने वळते आहे हे या नलिका मेंदूला कळवतात, तर त्यांच्या शेजारच्या दोन लहान पिशव्या सरळ रेषेतील गती आणि डोक्याचा कल कळवतात. डोळे आणि स्नायूही आपापली माहिती पाठवत असतात. या सर्वांचा निरोप एक असतो तोवर काही होत नाही. कान एक सांगतात आणि डोळे दुसरेच, असे झाले की मेंदूचा गोंधळ होतो आणि त्याचा परिणाम पोटावर दिसू लागतो. ज्यांच्या दोन्ही कानांतील तोलाचे इंद्रिय पूर्ण निकामी झालेले असते, त्यांना गाडी लागत नाही. हा त्रास भित्रेपणाचा किंवा पोटाच्या कमजोरीचा नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा नसावा.

गोल फिरणाऱ्या राइडमध्ये नेमके काय घडते, ते घरी पाहता येते. तांब्यात पाणी घ्यावे, वर चिमूटभर हळद टाकावी आणि तांब्या हातात धरून गोल फिरवावा. आधी तांब्या फिरतो आणि पाणी मागे राहते. काही क्षणांनी पाणीही त्याच वेगाने फिरू लागते. आणि तांब्या थांबवला तरी पाणी फिरतच राहते. नलिकांतील द्रवाचे असेच होते. एकाच वेगाने फिरत राहिल्यास साधारण २० सेकंदांत कान ‘फिरणे थांबले’ असे कळवू लागतात, डोळ्यांना मात्र जग फिरताना दिसत असते. राइड थांबली की कान ‘उलट दिशेने फिरतो आहोत’ असे सांगतात, म्हणून उतरल्यावर पाय वाकडे पडतात. आणि फिरत असताना कोणी मान वळवली किंवा खाली वाकून पाहिले, तर वेगळ्याच नलिकेतील द्रव एकदम हलतो आणि पोट ढवळून निघते. यात्रेतल्या ‘ब्रेक डान्स’ नावाच्या राइडमध्ये खालचा चौथरा फिरतो, त्यावरची पेटीही स्वतःभोवती फिरते, आणि वर शेजारी बसलेल्या मित्राकडे पाहून हसण्यासाठी मान वळवली जाते. मळमळीला लागणारे सर्व काही तिथे एकत्र येते.

लहान मुलांना साधारण दोन वर्षांपर्यंत हा त्रास क्वचितच होतो. सहा-सात वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत तो सर्वाधिक असतो आणि पुढे हळूहळू कमी होत जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना, विशेषतः पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात, तो अधिक होतो. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना तर तो होण्याची शक्यता बरीच जास्त असते. सहलीला निघालेल्या गटात कोणाची काळजी आधी घ्यावी, हे यावरून ठरवता येते.

बसचा प्रवास हीच पहिली राइड

खानदेशातल्या माणसाने ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. मुंबई-पुण्याचा माणूस दीड-दोन तासांत पार्कमध्ये पोहोचतो. जळगाव, भुसावळ किंवा शहाद्याहून निघालेली बस रात्रभर चालते, धुळे, मालेगाव, नाशिक मागे टाकते आणि नेमक्या पहाटे, मुले अर्धवट जागी होत असताना, कसारा घाटाच्या वळणांवर पोहोचते. जळगाव ते मुंबई हेच अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. घाटात झालेली मळमळ बसमधून उतरल्यावर थांबल्यासारखी वाटते, परंतु तिचा भार लगेच उतरत नाही, आणि त्याच भरात सकाळीच पहिली राइड घेतली जाते. पार्कमध्ये ‘एकाच राइडने उलटी झाली’ असे जे म्हणतात, त्यांतल्या कित्येकांची सुरुवात घाटातच झालेली असते.

म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांना बसमध्ये पुढच्या बाजूला किंवा दोन चाकांच्या मधल्या भागात खिडकीजवळ बसवावे. मागच्या चाकामागची जागा त्यांच्यासाठी सर्वांत वाईट. तोंड बसच्या दिशेलाच असावे. मोबाइल आणि पुस्तक बंद. घाट लागण्यापूर्वी एक तर गाढ झोपलेले असावे किंवा पूर्ण जागे होऊन समोरच्या रस्त्याकडे पाहत असावे. अर्धवट झोपेत डोके खिडकीवर आपटत राहणे टाळावे. पोहोचल्यावर तोंड धुऊन, थोडे खाऊन, तासभर नुसते चालावे आणि मगच पहिल्या रांगेत उभे राहावे. सकाळचा तो तास वाया गेला असे मुलांना वाटते. तसे वाटले तरी चालेल.

खाणे, पाणी आणि ऊन

रिकाम्या पोटी राइड घेऊ नये आणि भरल्या पोटी तर मुळीच घेऊ नये. सहलीच्या डब्यात आपल्याकडे हौसेने तिखट शेवभाजी, पुऱ्या, भजी, तर्रीदार रस्सा असे पदार्थ जातात. ते संध्याकाळसाठी ठेवावेत. राइडपूर्वी दीड-दोन तास साधी मुगाची खिचडी, दह्याशिवाय भाकरीचा तुकडा, बिस्किटे, किंवा रावेर-यावलची एक-दोन केळी एवढे पुरे. नंतर दर दोन तासांनी थोडे थोडे कोरडे खाणे उत्तम. थंड पेयांच्या बाटल्यांतील वायूने पोट फुगते, म्हणून त्या टाळाव्यात. दारू घेऊन राइडमध्ये बसणे हा केवळ मळमळीचा नाही, जिवाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि यात्रेतले पाळणे उघड्या मैदानात असतात. उन्हाने होणारी मळमळ आणि राइडने होणारी मळमळ सुरुवातीला सारखीच वाटते. राइडची मळमळ सावलीत बसल्यावर अर्ध्या तासात उतरू लागते. उन्हाची तशी उतरत नाही, तहान आणि डोकेदुखी वाढते, अंग तापते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी राइडचा विचार सोडून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि तत्काळ दवाखाना गाठावा.

गोळी कोणती, केव्हा

गोळीचा उपयोग होतो, पण वेळेवर घेतली तरच. मळमळ सुरू झाली की जठरातील अन्न पुढे सरकणेच मंदावते, त्यामुळे त्यानंतर गिळलेली गोळी पोटात पडून राहते किंवा उलटीबरोबर बाहेर येते. बसमध्ये ‘मॅडम, मळमळतंय’ असे ऐकू आल्यावर पिशवीतून गोळी काढणारे शिक्षक आणि पालक सदिच्छेनेच तसे करतात, परंतु तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्याकडे सर्वांत परिचित गोळी म्हणजे अव्होमिन. तिच्यात प्रोमेथाझिन असते. ती प्रवासापूर्वी किमान एक तास घ्यावी लागते, आणि लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री झोपताना घेतली तरी चालते. तिने झोप येते. रात्रीच्या बससाठी हा गुणच आहे, पण सकाळीही सुस्ती राहू शकते. डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन आणि सिनारिझिन ही याच कामाची इतर औषधे. याउलट जुलाब-उलट्यांच्या आजारात दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी या त्रासावर फारशी चालत नाही, कारण हा गोंधळ मुळात पोटातला नाही. मेडिकलमध्ये नुसती ‘उलटीची गोळी द्या’ असे म्हटल्यास कधीकधी तीच हाती पडते. म्हणून ‘प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून’ असे स्पष्ट सांगावे.

मुलांची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, आणि दोन वर्षांखालील बाळाला प्रोमेथाझिन कधीही देऊ नये. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा किंवा फिट्स असलेल्यांनी, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनीही आधी डॉक्टरांना विचारावे. या औषधांनी घाम कमी येतो, हे आपल्या उन्हाळ्यात विसरता कामा नये: गोळी घेतलेल्या मुलाला दुपारी उन्हात रांगेत उभे करू नये. जो गाडी चालवणार आहे त्याने गोळी घेऊ नये. आणि कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा सहलीच्या दिवशी न घेता, आधी घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावी.

आल्याविषयी झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. आलेपाकाची वडी चघळण्याने अपाय नाही आणि काहींना बरे वाटते, म्हणून ती खिशात असावी. लिंबाचा वास, मनगटाच्या आतल्या बाजूला घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटांवर दाब देणे, यांचेही तसेच. यांवरच विसंबून ज्याला दरवेळी उलटी होते त्याला राइडमध्ये बसवू नये.

कोणती राइड, कोणती जागा

राइड जितकी भीतिदायक तितकी मळमळ जास्त, असा समज आहे. तो बरोबर नाही. रुळावरून धावणारा मोठा रोलर कोस्टर दोन-तीन मिनिटांत संपतो आणि पुढची चढण, पुढचे वळण डोळ्यांना दिसत असते. त्याने घाबरायला होईल, पण मळमळीच्या दृष्टीने संथ हेलकावा अधिक वाईट. पाच सेकंदांत एक पूर्ण हेलकावा, ही गती पोटाला सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या गतींपैकी आहे. समुद्रावरची बोट अशीच हलते. दहा फूट दोरीच्या झोक्याची एक ये-जा साधारण साडेतीन सेकंदांत होते, तर यात्रेतल्या कोलंबस नावेची टांगणी सुमारे दहा मीटर असेल तर तिला सहा सेकंदांहून थोडे अधिक लागतात. म्हणजे ज्या नावेत घरातली वडीलधारी माणसे ‘ही तर साधीच आहे’ म्हणून बसतात, ती मळमळीच्या बाबतीत मुळीच साधी नाही. बसायचेच असेल तर नावेच्या मधल्या ओळीत बसावे. टोकांना हेलकावा सर्वांत मोठा असतो.

ज्यांना गाडी लागते त्यांनी ब्रेक डान्स, टोराटोरा आणि गरगर फिरणाऱ्या कपबशा सरळ टाळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. आकाशपाळणा संथ असतो आणि लांबचे क्षितिज दिसते, म्हणून तो बहुतेकांना सोसतो. मात्र वर गेल्यावर खाली उभ्या असलेल्या आईला शोधत वाकू नये. ड्रॅगन ट्रेन लहान मुलांसाठी चांगली सुरुवात आहे. इमॅजिकात नायट्रोसारखा उघड्यावरचा कोस्टर आणि डीप स्पेससारखा बंदिस्त अंधारातला कोस्टर यांत फरक आहे: अंधारात पुढचे वळण दिसत नाही, मान आवळून धरता येत नाही, म्हणून त्रास होणाऱ्याने आधी उघड्यावरचा घ्यावा. ज्या राइडमध्ये खुर्ची थोडीशीच हलते आणि पडद्यावर मात्र आपण उडत असल्याचे दिसते, तिथे गोंधळ डोळ्यांकडून येतो. तिथे डोळे मिटले की बराच आराम पडतो.

सकाळी सरळ धावणाऱ्या राइड, दुपारी पाण्याच्या किंवा नुसत्या पाहण्याच्या गोष्टी, आणि फिरणारी एखादी राइड घ्यायचीच असेल तर अगदी शेवटी, असा क्रम ठेवावा. दोन राइडमध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा, बरे वाटत असले तरी.

बसल्यावर काय करावे

डोके मागच्या उशीला घट्ट टेकवावे आणि राइड संपेपर्यंत मान वळवू नये. या लेखातील एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळावी. रोलर कोस्टरवर डोळे उघडे ठेवून पुढच्या रुळाकडे पाहावे. गोल फिरणाऱ्या राइडमध्ये बाहेरच्या पळत्या दिव्यांकडे न पाहता आपल्याच पेटीतील दांड्यावर किंवा समोरच्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवावी, कारण तो आपल्याबरोबरच फिरत असतो. तेही जमत नसेल तर डोळे मिटावेत. श्वास संथ ठेवावा: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. हा उपाय साधा आहे, तरी संथ श्वसनाने मळमळ कमी होते हे अभ्यासांतही दिसले आहे. पट्टा किंवा दांडा कोणत्याही कारणाने सैल करू नये. यात्रेतल्या पाळण्यावर असह्य झाले तर हात उंच करून चालवणाऱ्याला ओरडून सांगावे. चढण्यापूर्वीच त्याला ‘मुलाला त्रास होतो, हात केला तर थांबवा’ असे सांगून ठेवणे अधिक बरे. खिशात दोन साध्या पिशव्या असाव्यात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे रांगेतच लक्ष ठेवणे. सहलीतले एखादे मूल एकाएकी गप्प होते. झोप पुरी झालेली असूनही जांभया देऊ लागते. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब दिसतात, ओठांभोवतीचा रंग उतरतो, ते वारंवार थुंकी गिळते, कारण तोंडाला पाणी सुटलेले असते. ‘काय होतंय?’ विचारले तर ‘काही नाही’ असेच उत्तर येते, कारण बाकीची पोरे घाबरट म्हणतील ही धास्ती असते. या वेळी त्याला रांगेतून बाहेर काढणे हे मोठ्या माणसाचे काम आहे, आणि ते इतरांसमोर कारण न सांगता करावे. ‘चल, माझ्याबरोबर पाणी प्यायला ये’ एवढे म्हणणे पुरते.

आखाजीचा झोका आणि सवय

औषधाखेरीज खरा टिकाऊ उपाय सवयीचा आहे. मेंदू तोच विरोधी निरोप वारंवार ऐकून त्याला सरावतो. खलाशी आणि वैमानिक असेच तयार होतात. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, माहेरी आलेल्या लेकी त्यावर गाणी म्हणत झुलतात, आणि मे महिन्याच्या सहली बहुधा त्यानंतरच निघतात. ज्या मुलाला गाडी लागते त्याला आखाजीपासून रोज झोक्यावर बसवावे. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे, लहान हेलकावा, नजर दूरच्या झाडावर. पहिली जांभई आली की खाली उतरायचे. काही दिवसांनी वेळ वाढवावा, मग हेलकावा, आणि शेवटी डोळे मिटून थोडे झुलावे. मळमळ होईपर्यंत ताणणे उलटेच ठरते, कारण मग झोक्याचीच धास्ती बसते. या सरावाला काही आठवडे द्यावे लागतात. झोक्याची सवय हेलकाव्याला उपयोगी पडते, गोल फिरण्याला तितकी नाही. आणि सराव सुटला की सवयही ओसरते.

उतरल्यावर

लगेच दुसऱ्या रांगेकडे धावू नये. सावलीत बसून दूरच्या स्थिर गोष्टीकडे पाहावे, किंवा शक्य असल्यास डोळे मिटून पडून राहावे. गळ्याजवळची बटणे सैल करावीत, तोंडावर गार पाणी मारावे. उलटी झाली असेल तर पंधरा-वीस मिनिटे काही देऊ नये. नंतर एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक मोठे पाकीट विरघळवून ते घोटाघोटाने द्यावे. त्या दिवशी पुन्हा फिरणारी राइड नको. परतीच्या बसचा विचार तेव्हाच करावा, कारण सकाळी उतरलेला तोच घाट रात्री चढायचा असतो. सकाळची गोळी तोवर ओसरलेली असू शकते, म्हणून दुसऱ्या मात्रेविषयी डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

रात्री अंथरुणावर पडल्यावर खाट हलते आहे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते काही तासांत जाते. गरगरणे दोन दिवसांनंतरही राहिले, कुशीवर वळताना प्रत्येक वेळी चक्कर येऊ लागली, किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. राइडनंतर मानेत किंवा डोक्यात तीव्र वेदना, एकाच्या जागी दोन दिसणे, बोलणे अडखळणे, हातापायात बधिरपणा किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही आढळले, तर त्याला मळमळीचा भाग समजून वाट पाहू नये. त्याच क्षणी रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा. गरोदर स्त्रिया, हृदयविकार, मानेचे किंवा पाठीचे दुखणे, फिट्सचा त्रास, किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती यांनी वेगवान राइडमध्ये बसूच नये, मग त्यांना गाडी लागत असो वा नसो.